वॉर्सा ते लिस्बन, व्हाया जेसल पार्क

किस्से काही ठरवून जमत नाहीत. घरात रिकाम्या बरण्या जमतात ना, तसे जमतात. आज टाकू, उद्या टाकू करता करता एक दिवस कपाट उघडावं तर आत हात घालायला जागा नाही. आमच्या तिघींच्या किश्शांचं तसंच झालंय. परवा भाचीला त्यातला एक सांगायला बसले तर गॅसवरचं दूध उतू गेलं. ओटा पुसून झाला तरी माझं चालूच. ती म्हणाली, "मावशी, लिहून का काढत नाहीस?" म्हटलं, बरं. निदान दूध तरी वाचेल.

तर आम्ही तिघी. मी सुलभा. माहेर, सासर दोन्ही रत्नागिरीकडचं, राहायला भाईंदर ईस्टला, जेसल पार्कमध्ये. माझा निखिल वॉर्सात असतो, कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. नक्की काय करतो ते मी अनेकदा विचारलंय, दर वेळी समजलंय आणि दर वेळी विसरलेय. आमच्या समोरच्या दारात हंसाबेन. पक्क्या जैन. त्यांचा चिराग अँटवर्पला हिऱ्यांच्या कामात आहे. आणि तिसरी फिलोमेना, उत्तनची. सुक्या मासळीची पाटी घेऊन ती वर्षानुवर्षं आमच्या बिल्डिंगमध्ये येते. तिची रेनिटा लिस्बनला म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते.

मासळीवाली आणि जैन बाई एका ग्रुपमध्ये कशा, हे सगळेच विचारतात. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

*

फिलोमेना जिन्यात दिसली की हंसाबेनचं दार बंद. भांडण नाही, शब्द नाही, फक्त दार. फिलोमेनालाही त्याचं काही वाटायचं नाही. "त्यांचा देव तसा, माजा असा," म्हणायची आणि माझ्या उंबऱ्यात बसून सुकट निवडून द्यायची.

एक दिवस बसल्या बसल्या ती मला सांगत होती की रेनिटाला लिस्बनला नोकरी लागली, जावई एल्टन तर कायम बोटीवर, पोरगी तिथे एकटीच राहणार. "लय लांब हाय गो. कोण हाय तिचं तिकरं?" फिलोमेनाचा आवाज मुळात किनाऱ्यावरून होडीला हाक मारायचा. तो काही दाराबिराला जुमानत नाही.

समोरचं दार उघडलं. हंसाबेन पदर नाकाला लावून उभ्या.

"लिस्बन? वो युरोप में है ना? हमारा चिराग भी युरोप में ही है. तुम बिलकुल टेन्शन मत लो, वो आते जाते देख लेगा."

पदर काही नाकावरून खाली आला नाही. पण दार त्या दिवसापासून उघडंच आहे, आणि मला विचाराल तर आमच्या मजल्यावर आजवर झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

*

मग मोबाईलवर ग्रुप झाला. नाव, "कोण जातंय?" कारण त्यात दुसरं काही विचारलंच जात नाही. ज्यांची पोरं बाहेर असतात त्यांना हे सांगायला नको. कुणी एअरपोर्टकडे नुसती मान वळवली तरी आपला हात पार्सलकडे जातो. आमच्याकडे नियम असा की जी जाईल तिने तिघींचं न्यायचं. माझं मेतकूट, हंसाबेनचे खाखरे, फिलोमेनाचा बाटलीतला मसाला. बॅग भरायची आमच्याकडे, कारण वजनकाटा आमच्याकडे. वजन जास्त भरलं की कुणाचं काय काढायचं यावर जी शांतता पसरते, तशी शांतता मी अजून कुठे बघितलेली नाही.

आता पार्सल एका शहरात जाणार आणि पोरं तीन शहरांत. ते वाटायचं कसं? हा प्रश्न आमच्या ह्यांनी सोडवला. पेन्शनर माणूस, दिवसभर वेळच वेळ. निखिलच्या शाळेतला अ‍ॅटलास काढला, जगाचा नकाशा उघडला आणि म्हणाले, "या इकडे."

आम्ही बघितलं तर युरोप एवढासा. वॉर्सा आणि लिस्बनच्या मध्ये फिलोमेनाचं एक बोट जेमतेम मावलं. तिचं बोटही तसं जाडजूड.

"आणि अँटवर्प?" हंसाबेननी विचारलं.

"ते मध्ये."

फिलोमेनाने लगेच हिशोब लावला. "म्हंजे वॉर्सा आपलं भाईंदर, अँटवर्प मीरा रोड, लिस्बन दहिसर."

लोकलची एकापाठोपाठची तीन स्टेशनं. एवढं सोपं करून सांगितल्यावर कोण कशाला शंका काढेल? पुढे जवळजवळ वर्षभर आम्ही तिघी त्याच नकाशावर चालत होतो.

*

त्यानंतर बातमी आली की रेनिटाला दिवस गेलेत. ह्या सगळ्या किश्शांच्या पोटात खरी गोष्ट ती एकच. पहिलं बाळंतपण, नवरा समुद्रात, माणूस जवळ कुणी नाही. बाळंतपणाला आपण स्वतः जायचं, असं फिलोमेनाने त्याच दिवशी ठरवलं आणि पासपोर्टच्या मागे लागली. तोवर एकच काम होतं. रेनिटाला डोहाळे लागले होते सुक्या बोंबलाचे.

आणि तेव्हाच हंसाबेन निघाल्या होत्या अँटवर्पला.

मी तर त्यांना विचारायलाही धजत नव्हते. फिलोमेना म्हणाली, राहू दे, न्हाय मिळाले बोंबील तर पोर काय मरत न्हाय. पण हंसाबेननी बिल्डिंगमध्ये कुणाकडून तरी ऐकलं आणि स्वतः आल्या. "पेट से है. मन में रह गया तो अच्छा नहीं. दे दो मुझे. लेकिन अंदर क्या है वो बताना मत."

फिलोमेनाने ते बोंबील असे गुंडाळले, असे गुंडाळले की एखाद्या लहान मुलाला थंडीत कुणी गुंडाळणार नाही. पिशवीवर पिशवी, वर कापड, वर चिकटपट्टी. हंसाबेननी ते गाठोडं दोन बोटांत धरून बॅगेच्या तळाशी ठेवलं आणि हात धुतले.

आता गंमत अशी की हंसाबेन खोटं बोलत नाहीत. जमतच नाही त्यांना. तिकडे एअरपोर्टवर साहेबाने बॅग उघडली, त्या गाठोड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय?

"आय डोन्ट नो," हंसाबेन म्हणाल्या.

अहो, एअरपोर्टवर असं कुणी बोलतं का? त्यांना बाजूला घेतलं. आणखी एक साहेब आला. हातमोजे घालून तो एकेक पिशवी सोडायला लागला, आणि शेवटची पिशवी उघडल्यावर दोघेही मागे सरकले.

"फूड?" त्याने नाक धरून विचारलं.

हंसाबेननी नाकावरचा पदर जरासा बाजूला केला आणि शांतपणे सांगितलं, "फूड. नॉट माय फूड."

दोघांनी गाठोडं पुन्हा जसंच्या तसं बांधून दिलं. हंसाबेन म्हणतात, फार सज्जन माणसं होती.

*

इथवर सगळं झकास झालं. पुढे हंसाबेन चिरागला म्हणाल्या, "शाम को रेनिटा आके ले जाएगी."

"कुठून?"

"लिस्बनहून. दहिसरसारखं तर आहे."

चिराग गुजरातीत काय बोलला ते हंसाबेननी आम्हाला सांगितलं नाही. पण लिस्बनला विमानाने जावं लागतं, हे त्या दिवशी आमच्या ग्रुपला पहिल्यांदा कळलं. ह्यांनी अ‍ॅटलास कपाटात ठेवून दिला आणि दोन दिवस कुणाशी विशेष बोलले नाहीत.

चिरागने गाठोडं बाल्कनीत ठेवलं. बिचाऱ्याने लसूण कधी घरात आणला नाही, त्याच्या बाल्कनीत उत्तनचे बोंबील. शेजाऱ्यांना वाटलं कुठेतरी गॅस लीक होतोय. त्यांनी बिल्डिंगच्या मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने गॅसवाल्याला बोलावलं. तो यंत्र घेऊन मजल्यामजल्यावर फिरला आणि चिरागच्या दाराशी येऊन म्हणाला, गॅस नाही, पण हे गॅसपेक्षा वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी चिरागने ते कुरिअर केलं. हा मुलगा कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेऊन गेला, खोका शोधला, नाक दाबून पॅक केलं आणि ज्या मुलीला त्याने कधी बघितलं नाही तिच्या पत्त्यावर पाठवलं. रेनिटाने चटणी करून फोटो टाकला तेव्हा फिलोमेना माझ्या उंबऱ्यात बसून रडली. चिरागला तिने मोबाईलवर आशीर्वाद दिला. "तुजी भरभराट होवो, माज्या बाबा, तुला बोंबलाला कदी हात लावाया न लागो."

*

माझं डोकं मात्र अजून नकाशावरच होतं. निखिलला मी शनिवारी फोन केला. "उद्या काय करतोयस?"

"काही नाही, झोपणार."

"मग लिस्बनला जाऊन ये की. रेनिटाला मेतकूट देऊन ये. तुझ्याकडे दोन पुड्या आहेत."

 तो अगदी समजावणीच्या सुरात, म्हणजे पोरं आईबापांशी ज्या सुरात बोलतात त्या सुरात म्हणाला, "आई, इथून लिस्बन अडीच हजार किलोमीटरच्या वर आहे. विमानाला सव्वाचार तास लागतात. कळतंय का तुला? सव्वाचार तास."

म्हटलं, "मला नको सांगूस. परवा घोडबंदरला ट्रॅफिक लागला, ठाण्याला तुझ्या मावशीकडे पोचायला तेवढाच वेळ लागला. आणि आम्हाला कुणी वर खायलाही दिलं नाही."

तो हसला, पण गेला नाही. मलाही राग आला. अंतराचा नाही, त्याच्या झोपेचा.

*

सव्वाचार तासांचं मी ह्यांना सांगितलं. एवढं निमित्त त्यांना पुरलं. अ‍ॅटलासने घात केलाच होता, आता विमानांच्या वेळा बघायला लागले. मोबाईलवर बोट फिरवत दोन दिवस बसले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाला मला आणि हंसाबेनना बोलावून घेतलं.

"निखिल आपल्याला फसवतोय," म्हणाले. "हे बघा. वॉर्साहून दहाला निघालेलं विमान लिस्बनला सव्वाएकला पोचतं. म्हणजे सव्वातीन तास. आणि येताना तेच विमान दोनला निघून सव्वासातला पोचतं. सव्वापाच तास. आता बोला."

 वेळा तर डोळ्यासमोर होत्या.

हंसाबेननी चहा बशीत ओतला, विचार केला आणि म्हणाल्या, "आते वक्त चढाई होगी."

ह्यांना ते पटलं. खरंच सांगते, पटलं. पोलंड वर आहे आणि पोर्तुगाल खाली, नकाशात तर तसंच आहे. दोन्ही शहरांची घड्याळं वेगळी असतात हे निखिलने फोनवर सांगेपर्यंत आमच्या घरात विमानाला चढ लागत होता. अजूनही गावाहून परत येताना उशीर झाला की हे म्हणतात, चढ होता.

*

आता हसणं जरा बाजूला ठेवते.

एका सकाळी फिलोमेना आली ती पाटी न घेता. ती पाटीशिवाय दारात उभी राहिली तेव्हा मला ती पटकन ओळखूच आली नाही. डोक्यावर काही नाही, दोन्ही हात मोकळे, आणि त्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

तिची बॅग केव्हाची भरून तयार होती. बाळाची टोपडी, दुपटी, बाळंतिणीसाठी शेपा. पण पासपोर्ट व्हिसासाठी गेला होता तो गेलाच. रोज फोन करायची, रोज थांबा म्हणायचे. एल्टनची बोट कुठल्या तरी लांबच्या बंदरात अडकलेली, त्याच्या जागी दुसरा माणूस येत नाही तोवर तो उतरू शकत नव्हता. आणि रेनिटाचे दिवस भरत आले होते. डॉक्टरने तिला जास्त हिंडू फिरू नको म्हणून सांगितलं होतं.

मी पाणी दिलं. तिने ते हातातच धरून ठेवलं.

"सुलभा," ती म्हणाली, "वॉर्सा ते लिस्बन किती लांब हाय गो?"

तिला माहीत होतं. आमच्या ग्रुपमध्ये ते आता लहान पोरालाही माहीत झालं असतं. वर्षानुवर्षं ती माझ्या दारात येतेय, पण तिने माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. उलट मापाबाहेर मूठभर सुकट टाकणारीच ती. मागायचं कसं ते तिला येत नव्हतं, म्हणून ती अंतर विचारत होती.

"लांब नाही," मी म्हटलं. "बस तू."

*

निखिलला फोन केला तेव्हा खरं तर मला धाकधूक होती. हा मुलगा कसा आहे ते मला माहीत आहे. कोपर खरचटलं तर दुसरीकडे बघणारा. बिल्डिंगमध्ये कुणाकडे वाटी परत द्यायला पाठवलं तर बेल वाजवून, वाटी पायरीवर ठेवून पळून येणारा. रेनिटाला तो आयुष्यात भेटलेला नाही, ग्रुपवरच्या फोटोत बघितलं असेल तेवढंच. कुठल्या तोंडाने त्याला सांगायचं?

सांगितलं. सगळं सांगितलं. फिलोमेना समोर बसलेली, हंसाबेनही आलेल्या.

 तो म्हणाला, "आई, मला ह्यातलं काही येत नाही."

"येत कुणालाच नसतं."

"मला भीती वाटतेय."

"तिलाही वाटतेय. ती एकटी आहे, एवढाच फरक."

तिकडे कीबोर्ड वाजायला लागला. मग आवाज आला, "साहेबांशी बोलतो. तिकीट बघतोय."

त्याचे साहेब म्हणजे एक पोलिश बाई. त्यांना त्याने सांगितलं की एका मुलीचं बाळंतपण आहे, मला जायचंय. त्यांनी साहजिकच विचारलं, तुझं बाळ? तो म्हणाला, नाही. बहीण? नाही. त्या बाईंनी पुढे काही विचारलं नाही. म्हणाल्या, तिथून जमेल तसं काम कर, जा. देव त्या बाईंचं भलं करो. मी त्यांना मेतकूट पाठवलंय. त्यांनी ते सूपमध्ये घातलं असं ऐकते.

*

निखिल लिस्बनला पोचला, रेनिटाच्या घराजवळच एका खोलीत राहिला, आणि आमच्या तिघींचं स्वयंपाकघर लिस्बनला हललं.

सकाळी उठून तिच्याकडे जायचा आणि व्हिडिओ कॉल लावायचा. मोबाईल तिथल्या ओट्यावर डब्याला टेकवलेला. इकडे आमच्या ओट्याशी आम्ही तिघी. मूगडाळीची खिचडी शिकवायची होती, साधी.

"आधी फोडणीत लसूण टाक," फिलोमेना.

"लसूण मत डालना," हंसाबेन.

"जिरं टाक आणि गॅस बारीक कर," मी.

"अरे लसणाशिवाय बाईला ताकद कशी येल?"

"हमारे चार पीढी में किसी ने नहीं खाया, सबको ताकद है."

निखिल तिकडे हातात झारा घेऊन उभा. मागून रेनिटा खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. तोवर ती फार कमी बोलायची, परक्या मुलासमोर लाजायची. पण त्या दिवशी तिचा आवाज आला. "आंटी, तुम्ही तिघी आधी ठरवा आणि मग फोन करा. आम्ही तोवर पिझ्झा मागवतो."

दोघं खळखळून हसले. मग पिझ्झाच मागवला. मी फोन ठेवला आणि मला एकदम बरं वाटलं. पोरगी हसत होती, म्हणजे तिला आता कुणीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी निखिलने दोन पातेल्यांत खिचडी केली, एकात लसूण, एकात नाही, आणि दोन्हींचे फोटो ग्रुपवर टाकले. असा मुलगा माझ्या पोटी कसा आला, मला अजून कळत नाही.

*

हॉस्पिटलचा किस्सा निखिलने नंतर सांगितला. कळा सुरू झाल्या तसा तो रेनिटाला घेऊन गेला. दाराशी नर्सने त्याला अडवलं. बाळाचा बाप का? नाही. नवरा? नाही. भाऊ? आडनावं वेगळी, धर्म वेगळा. नाही. मित्र? हा माझा बावळट, तिथेही खरं बोलला. म्हणे, थोड्या दिवसांपूर्वी पहिल्यांदा भेटलो.

"मग तू कोण?" नर्सने विचारलं.

त्याने म्हणे बराच विचार केला आणि इंग्रजीत सांगितलं, "आमच्या आया एकत्र पार्सल पाठवतात."

 नर्सने त्याच्या हातात हिरवा गाऊन दिला. त्याला बाहेरच बसायचं होतं, तेच ठरलेलं होतं. पण रेनिटाने त्याचं मनगट धरलं होतं आणि ती काही सोडेना.

*

त्या दिवशी आम्ही तिघी उत्तनला फिलोमेनाकडे होतो. घरात एकटीला बसवत नव्हतं तिला, आणि मला माझ्या घरात. हंसाबेन आपली पाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या. बाहेर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते, आत येशूच्या आल्टरपुढे मेणबत्ती लावलेली. हंसाबेननी आपली माळ काढली आणि आल्टरकडेच तोंड करून बसल्या. 

दुपारी फोन वाजला. निखिलने आधी मला नाही लावला, फिलोमेनाला लावला. तेवढी अक्कल त्याला देवाने दिली, मला त्याचं समाधान आहे.

मुलगी झाली होती. त्याने मोबाईल बाळावर धरला, पण बघत होता स्वतः बाळाकडे, मोबाईलकडे नाही, त्यामुळे कधी बाळ दिसायचं, कधी पंखा. मग रेनिटाने मोबाईल घेतला आणि नीट दाखवलं. लालबुंद, मूठ आवळलेली.  जी बाई किनाऱ्यावरून होडीला हाक मारते, ती तोंडावर हात ठेवून नुसती बघत राहिली. हंसाबेनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझं तर विचारूच नका.

थोड्या वेळाने निखिल मोबाईल घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये आला. "आई आहे का तिथे?"

मी फोन घेतला. केस विस्कटलेले, गाऊन तसाच अंगात, डोळे सुजलेले. 

"काय रे?"

"आई," तो म्हणाला, "माझ्या वेळेला तुझ्याजवळ कोण होतं?"

असं कुणी मला आजवर विचारलं नव्हतं. "तुझे बाबा ड्युटीवर होते," मी म्हटलं. "आजी गावाला. बाजूच्या खाटेवरची एक बाई होती. तिचं स्वतःचं बाळ नुकतंच झालेलं, तरी उठून आली. तिचा हात मी इतका दाबला की तिच्या बांगड्या फुटल्या."

"नाव काय तिचं?"

"माहीत नाही रे."

 त्याने हात वर करून मला दाखवला. मनगटावर नखांचे वळ उठले होते. "माझं घड्याळ फुटलं," म्हणाला, आणि हसता हसता रडायला लागला.

 फिलोमेनाने माझ्या हातातून फोन घेतला. डोळे पदराने पुसले, चेहरा मोबाईलच्या अगदी जवळ नेला.

"बाबा," ती म्हणाली, "तू जेवला काय?"

निखिलने गाऊनच्या बाहीला नाक पुसलं.

"न्हाय गो आये," तो म्हणाला. "अजून न्हाय."